शिनाण्यांसाठी कोणता दोर घ्यावा : खडबडीत पृष्ठभाग, दाटी आणि वाढ

खानापूरकर (प्रश्न)

नमस्कार. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, सध्या बेळगावात राहतो. माझे मामा कारवारजवळ सदाशिवगडच्या बाजूला काळी नदीच्या खाडीत बांबूचा मांडव उभारून त्यावर हिरवी शिनाणी, म्हणजे खडकांना चिकटून वाढणारे खाण्याचे शिंपले, वाढवतात. दोर, बांबू आणि बी (म्हणजे लहान शिनाणी) दोराभोवती बांधायचे सुती कापड यांची खरेदी बेळगावातून मी करून देतो, त्यामुळे दोर कोणता घ्यायचा हा प्रश्न दरवर्षी माझ्यापाशी येऊन थांबतो. या वर्षी तो नीट विचारून सोडवावा, म्हणून हे लिहीत आहे.

गेल्या हंगामात एकाच मांडवावर तीन प्रकारचे दोर लावले होते. पहिला साधा गुळगुळीत नायलॉनचा, 12 मिलिमीटर जाडीचा. दुसरा काथ्याचा. तिसऱ्या प्रकारात त्याच नायलॉनच्या दोराभोवती टाकाऊ मासेमारी जाळ्याच्या पट्ट्या पिळून गुंडाळल्या होत्या, म्हणजे दोर सर्व बाजूंनी झुबकेदार दिसेल असा. पाऊस सरल्यावर खडकांवरून काढलेले, अंगठ्याच्या नखाएवढे बी तिन्ही दोरांवर सारख्याच वजनाने लावले. गुळगुळीत दोरावरचे बरेच बी कापड विरून जाताच खाली घसरले. वरचा भाग उघडा पडला आणि खालच्या टोकाला गोळा झाला. जाळ्याच्या दोरावर मात्र एक बोटभर जागाही रिकामी राहिली नाही आणि ते पाहून सगळ्यांनी पुढच्या वर्षी हाच दोर घ्यायचा असे ठरवूनही टाकले.

काढणीच्या वेळी चित्र उलटे झाले. जाळ्याचा दोर उचलायला दोन माणसे लागत होती, पण त्यातला जवळपास अर्धा माल इतका बारीक निघाला की व्यापाऱ्याने तो वेगळ्या ढिगात टाकून निम्म्याहून कमी भाव सांगितला. नायलॉनवर जी शिनाणी टिकली होती ती मोठी आणि आतून भरलेली होती. काथ्याची पकड चांगली होती, परंतु शेवटच्या महिन्यात तो काही ठिकाणी कुजून तुटला, तेव्हा त्याचा विचार मी आता सोडून दिला आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. खडबडीत पृष्ठभागामुळे शिनाण्यांची वाढ खुंटते काय? आणि बसायला जागा वाढावी म्हणून जाळ्याऐवजी दुप्पट जाडीचा साधा दोर घेतला, तर पकड आणि वाढ दोन्ही साधतील काय? दसऱ्यापूर्वी माल मागवावा लागेल, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

---

काळीकाठची

खानापूरकर भाऊ, मी कारवारचीच आहे आणि काही हंगाम बचत गटाच्या मांडवावर काम केले आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते नाही असे आहे. खडबडीतपणाने वाढ खुंटलेली नाही. ती दाटीने खुंटली आहे आणि दाटी खडबडीतपणाने टिकवून धरली. या दोन गोष्टी एकत्र धरल्या की चांगला दोर विनाकारण बदनाम होतो.

बी सारख्याच वजनाने लावले असे आपण लिहिता. पण पंधरवड्यानंतर दोन दोरांवर सारखे बी राहिलेच नव्हते. गुळगुळीत दोरावरून जे घसरले ते गेले, आणि उरलेल्यांना पाणी व जागा मोकळी मिळाली. म्हणजे त्या दोराने आपली विरळणी परस्पर केली, तीसुद्धा वाईट पद्धतीने, वरचा भाग उघडा आणि खाली गोळा अशी. जाळ्याच्या दोराने घातलेले सगळे बी सांभाळले. तेव्हा आपण तुलना केली ती दोन दोरांची नव्हे, तर कमी बी आणि जास्त बी यांची.

आता थोडा हिशेब पाहू. 14 मिलिमीटर जाडीचा दोर धरला तर त्याचा घेर साधारण 4.4 सेंटिमीटर, म्हणून मीटरभर दोराचा पृष्ठभाग होतो सुमारे 440 चौरस सेंटिमीटर. 20 मिलिमीटर लांबीचे बी टोकावर उभे राहिले, तर ते अर्ध्या चौरस सेंटिमीटरहून थोडी जास्त जागा घेते. म्हणजे लावणीच्या दिवशी मीटरमागे पाच-सातशे बी असले तरी प्रत्येकाला प्रत्यक्ष दोराला स्पर्श करता येतो. तेच शिनाणे 75 मिलिमीटरचे झाले की त्याचा आडवा छेद साधारण सात चौरस सेंटिमीटर होतो, आणि त्याच दोरावर जेमतेम साठ शिनाण्यांना जागा उरते. बाकीची सगळी एकमेकांच्या शिंपल्यांना, शिनाणी स्वतःच काढतात त्या चिकट तंतूंनी धरून बाहेरच्या थरात लटकतात. काढणीच्या वेळी आपण ज्याला भरलेला दोर म्हणतो, त्यातली चार-पाचांतली एकच दोराला चिकटलेली असते, आणि सगळ्या घडाचे वजन त्या आतल्या थराच्या पकडीवर असते.

घड हाताने फोडून पाहिलात तर हे डोळ्यांनी दिसते. बाहेरच्या थरातील शिंपले रुंद, कडा हिरव्यागार आणि धारदार असतात. बोटे आत घातली की काळसर चिखल लागतो, तंतूंचा गुंता लागतो, मेलेल्यांची मोकळी टरफले हातात येतात; आणि त्यांच्यामध्ये अडकलेली जिवंत शिनाणी लांबट, अरुंद व कळकट असतात. ती सगळी एकाच दिवशी, एकाच टोपलीतून लावलेली असतात हे सांगूनही नवख्या माणसाला खरे वाटत नाही.

दुप्पट जाडीच्या दोराबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. 12 ऐवजी 24 मिलिमीटर दोर घेतला तर घेर दुप्पट होतो हे खरे. पण दोर किलोवर विकला जातो, आणि जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होते. बदल्यात काय मिळते? काढणीच्या वेळचा घड पंधरा सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर तो सोळा-सतरा सेंटिमीटरचा होईल. शिनाणी शेवटी ज्या पृष्ठभागावर पाणी घेतात तो या घडाचा बाहेरचा पृष्ठभाग होय, आणि तो दोराच्या जाडीने फारसा बदलत नाही. शिवाय जाड दोरही गुळगुळीत असेल तर घसरण तशीच राहील. त्यापेक्षा बारीक दोराच्या पिळात हातभर अंतराने बांबूच्या आडव्या खुंट्या खुपसा. घड घसरला तरी खुंटीवर अडतो.

---

टिळकवाडीचे मास्तर

ताईंनी हिशेब चोख मांडला आहे. मी जीवशास्त्र शिकवतो, तेव्हा पृष्ठभागाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण खडबडीत दोराची खरी करामत बी धरून ठेवण्याआधीच्या अवस्थेत दिसते.

शिनाण्याची अळी पाण्यात तरंगत वाढते आणि काही आठवड्यांनी बसायला जागा शोधते. या वर्गातल्या पुष्कळ जातींत ती सपाट पृष्ठभागापेक्षा तंतुमय पृष्ठभाग पसंत करते. निसर्गात बारीक केसाळ शेवाळ आणि शेतीत झुबकेदार दोर. तिथे तिला पाय रोवायला कोपरे मिळतात, लाटेचा मार कमी बसतो आणि भक्षकांपासून आडोसा मिळतो. म्हणूनच न्यूझीलंडमध्ये आणि स्पेनच्या गालिसिया किनाऱ्यावर बी गोळा करण्यासाठी मुद्दाम तंतू बाहेर काढलेले दोर वापरतात. परंतु गालिसियातले शेतकरी त्याच दोरावर काढणीपर्यंत थांबत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिथे तराफ्यांवर बारा मीटरपर्यंत लांबीचे दोर सोडतात. काही महिन्यांनी घड उतरवून, शिनाणी सुटी करून, कमी संख्येने नव्या दोरांवर पुन्हा बांधतात, आणि त्या दोरांनाही ठराविक अंतरावर खुंट्या असतात. धरण्यासाठी एक व्यवस्था आणि वाढवण्यासाठी दुसरी, असा तो विचार आहे. आपल्याकडे बी खडकावरून आयते येते आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचाच असतो, म्हणून आपण दोन्ही कामे एकाच दोराकडून करून घेतो आणि मग त्याच्यावर रुसतो.

दाटीमध्ये वाढ का थांबते, तेही पाहावे. मध्यम आकाराचे शिनाणे तासाला काही लिटर पाणी गाळते. मीटरभर दोरावर अशी तीनशे असतील, तर तासाला कित्येकशे लिटर पाणी त्या घडाने गाळून टाकले. बाहेरच्या थरातून आत जाणारे पाणी अगोदरच निवडून घेतलेले असते. आतल्यांच्या वाट्याला उपयोगी प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे त्यांचे अन्न) कमी आणि शेजाऱ्यांनी नाकारून श्लेष्मात गुंडाळून टाकलेला गाळ जास्त येतो. त्यातून शिंपला पुरता उघडायलाच जागा नसेल, तर पाणी ओढण्याचा वेगही घटतो. म्हणजे अन्न आणि जागा या दोन्ही अडचणी एकाच वेळी येतात, आणि प्रत्यक्ष मांडवावर त्या एकमेकींपासून वेगळ्या काढणे अवघड असते.

एक शंका मात्र विचारतो. जाळ्याच्या दोरावरचा सगळा बारीक माल खुरटलेलाच होता काय? झुबकेदार दोर हंगामात उशिरा बसणाऱ्या अळ्यांनाही आवडतो, त्यामुळे त्यातला काही भाग मागाहून आलेली पोरे असू शकतात. ओळख सोपी आहे. खुरटलेल्या जुन्या शिनाण्याचा शिंपला आकाराच्या मानाने जाड, जड आणि अरुंद असतो. नव्याचा पातळ आणि चकचकीत हिरवा असतो. पुढच्या खेपेला हे दोन ढीग वेगळे करून पाहा.

---

निपाणीचा शेतकरी

समुद्राशी माझा संबंध वर्षातून एकदा गोव्याला जाण्यापुरता, पण हा धागा वाचताना आपल्या शिवारातलीच गोष्ट चालली आहे असे वाटले. जोंधळा दाट उगवला की आम्ही रोपे उपटून विरळणी करतो, आणि ज्याला हिरवी रोपे उपटताना जीव होत नाही त्याची कणसे बोटाएवढी येतात. माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. शिनाण्यांचे बी निम्म्याने कमी केले, तर माल मोठा निघेल हे मान्य. पण एकूण वजन घटून मांडवाचा आणि दोराचा खर्च अंगावर येणार नाही काय?

---

टिळकवाडीचे मास्तर

आपली उपमा शास्त्रज्ञांनाही सुचलेली आहे. 1963 मध्ये जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाट लागवडीतील रोपांविषयी एक नियम मांडला : दाटीमुळे रोपे मरू लागली की उरलेल्यांचे सरासरी वजन संख्येच्या उलट प्रमाणापेक्षा अधिक वेगाने वाढते. त्या नियमाप्रमाणे संख्या निम्मी झाली की सरासरी वजन सुमारे 2.8 पट होते, म्हणजे एकूण वजन घटण्याऐवजी वाढते. शिनाण्यांच्या अभ्यासकांनी हाच विचार पुढे नेला, आणि जिथे जागेपेक्षा अन्नाची टंचाई अधिक असते तिथे हा आकडा सुमारे 2.5 असावा असे मांडले.

मात्र तो आकडा जसाच्या तसा मांडवावर लावू नये. एक तर तो दाटीने मरतूक सुरू झाल्यानंतरचा आहे. मुळात विरळ लावलेल्या दोरावरचे बी आणखी कमी केले तर केवळ उत्पन्न घटेल. दुसरे असे की रोप जागचे हलत नाही, शिनाणे हलते. ते जुने तंतू सोडून नवे टाकते आणि हळूहळू बाहेरच्या थराकडे सरकते, विशेषतः लहान असताना. शिवाय पिकाला जमीन एका पातळीत असते, तर इथे थरावर थर चढतात, म्हणून मीटरमागे किती या मोजणीतून दाटीचा पुरता अंदाज येत नाही. झुबकेदार दोरावर तर पृष्ठभाग मोजायचा कसा हाच प्रश्न पडतो, कारण प्रत्येक तंतूचा पृष्ठभाग बेरजेत धरला तर आकडा फुगतो आणि त्यातला बराचसा पहिल्या महिन्यानंतर शिनाण्यांच्या उपयोगाचा राहत नाही.

---

काळीकाठची

निपाणीच्या दादांना व्यवहारातले उत्तर देते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची शिफारस मीटरमागे 500 ते 750 ग्रॅम बी अशी आहे. चांगल्या मांडवावर मीटरला दहा-बारा किलो माल निघतो. एक मोठे शिनाणे तीस ग्रॅमचे धरले तर दहा किलोत साडेतीनशेच्या आत-बाहेर नग येतात. आता 750 ग्रॅम बी लावले आणि एकेक बी ग्रॅमभराचे असेल, तर साडेसातशे नग झाले. ते सगळे टिकले तर मोठे होऊच शकत नाहीत, इतके साधे आहे. साध्या दोरासाठी जी शिफारस आहे तिच्यात घसरण आणि मरतूक गृहीत आहे, असे मी समजते. पकड चांगली असलेल्या दोरावर त्या शिफारशीच्या खालच्या टोकाला, प्रसंगी त्याहूनही खाली राहावे. बीसुद्धा फुकट नाही. खडकावरून खरवडून आणणाऱ्यांची मजुरी असते, आणि खडकही कायम उघडे करत राहता येत नाहीत.

केरळात कासरगोडकडे पडन्ना आणि चेरुवत्तूर भागात 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासून महिलांच्या गटांनी हीच शेती खाडीच्या पाण्यात मोठ्या प्रमाणावर उभी केली. तिथे आणि इथे अडचण एकच : मेअखेर हात आवरता घ्यावा लागतो. पाऊस लागला की खाडीचे पाणी गोडे होते आणि शिनाणी मरतात. म्हणून आतल्या थरातली मागे राहिलेली आणखी दोन महिने ठेवून मोठी करू, हा मार्ग आपल्याला बंद आहे. ज्या देशांत वर्ष-दीड वर्ष दोर पाण्यात ठेवता येतो, त्यांची दाटी आपण उसनी घेऊ नये.

---

गोकाकवाला

थोडे विषयांतर होत असल्यास क्षमस्व. आमच्या शेततळ्यात असे दोर सोडून शिंपले वाढवता येतील काय?

---

टिळकवाडीचे मास्तर

हिरवे शिनाणे नाही. त्याला खारे पाणी लागते. घटप्रभेच्या किंवा मलप्रभेच्या काठी जे गोड्या पाण्यातले शिंपले सापडतात, ते मोत्यांच्या शेतीसाठी वापरतात, पण त्यांचा संसार वेगळा आहे. मोठे झाल्यावर ते तंतूंनी दोराला चिकटत नाहीत, चिखलात अर्धे रुतून राहतात, आणि त्यांच्या अळ्यांना काही काळ माशांच्या अंगावर काढावा लागतो. तिथे दोराऐवजी जाळीच्या पिशव्या टांगतात. सविस्तर लिहायचे तर वेगळा धागा काढू.

---

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. मामांशी बोललो. बारीक माल दोन ढिगांत विभागून पाहण्याची संधी गेली, पण मामांच्या म्हणण्याप्रमाणे त्यातले बहुतेक शिंपले जाड व लांबट होते, म्हणजे दाटीचाच परिणाम धरावा लागेल. आता असे योजले आहे : जाड दोराचा विचार रद्द. अर्ध्या मांडवावर जाळ्याचा दोर आणि त्यावर मीटरला 400 ग्रॅम बी. उरलेल्या अर्ध्यावर खुंट्या लावलेला साधा नायलॉन आणि त्यावर 600 ग्रॅम. नदीकडची बाजू जाळ्याच्या दोरांना आणि काठाकडची नायलॉनला देऊ. काढणीला दोन्हींचे वजन घेऊन इथे कळवीन.

---

काळीकाठची

भाऊ, योजनेत दोन दुरुस्त्या सुचवते, नाहीतर पुढच्या मे महिन्यात पुन्हा आजच्याच जागी उभे राहाल.

नदीकडच्या बाजूला भरती-ओहोटीचे ताजे पाणी आधी मिळते आणि काठाकडच्या दोरांना गाळलेले पाणी मिळते. एका बाजूला एक दोर आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असे लावले, तर जे कळेल ते प्रवाहाबद्दल कळेल, दोराबद्दल नव्हे. प्रत्येक आडव्या वाशावर एक जाळ्याचा, एक नायलॉनचा असे आलटून पालटून टांगा. दोन दोरांत किमान वीतभर अंतर ठेवा; घड फुगल्यावर शेजारचे दोर एकमेकांवर घासले तर बाहेरचा थरही आतला होऊन बसतो.

दुसरे असे की दोरही वेगळा आणि बीही वेगळे, असे दोन्ही एकदम बदलू नका. जाळ्याच्या काही दोरांवर 400 आणि काहींवर 600 ग्रॅम लावा. नायलॉनवरही तसेच करा. प्रत्येक प्रकारचे तीन-चार दोर पुरेत, त्यांना वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधा आणि बाकीचा मांडव मामांना हवा तसा लावू द्या. बी तोलताना शंभर ग्रॅममध्ये किती नग येतात तेही मोजून लिहून ठेवा, कारण बारीक बी आले तर तेवढ्याच वजनात दुप्पट नग जातात आणि सगळा हिशेब बिघडतो. फेब्रुवारीत एकेक दोर वर काढून बाहेरच्या थरातली आणि आतली शिनाणी वेगवेगळी मापा. आतली बाहेरच्यांपेक्षा फारच मागे दिसली, तर तेव्हाच जड दोरांवरची थोडी झटकून रिकाम्या दोरावर सुती कापडाने पुन्हा बांधता येतील. मार्चनंतर ते करण्यात अर्थ नाही. आणि दोराचे खालचे टोक ओहोटीच्या वेळीसुद्धा तळाला लागणार नाही इतके आखूड ठेवा, नाहीतर खेकडे आधी काढणी करतात.